आग्नेय कोपऱ्यातला मनी प्लांट

काकूंचा फोन आला तो झाडासाठी नव्हताच, चिलटांसाठी होता. "अगं हॉलमध्ये चिलटं झालीत, चहाच्या कपात पडतात, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू का?" फेब्रुवारीतला रविवार, मी ठाण्यात पाचपाखाडीत, काकू नौपाड्यात, चालत दहा-बारा मिनिटं, आणि त्या आईच्या भिशीतल्या, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. गेले.

जुनी तीन मजली बिल्डिंग, दुसरा मजला, हॉल साधारण दहा बाय चौदा. शोकेस, दिवाण, टीव्ही, आणि चिलटं सगळी एकाच कोपऱ्यात घिरट्या घालतायत, जिथे मनी प्लांटची कुंडी. कुंडीत बोट घातलं तर दोन पेरं चिखल, आणि तो आंबूस वास, ज्यांनी कुजलेली मुळं कधी धुतलीयत त्यांना सांगायला नको. वर मातीवर चहाचा चोथा पसरलेला. काकू कौतुकाने म्हणाल्या, खत म्हणून रोज घालते, शिवाय तांदळाचं धुवण, शिवाय पाणी रोज एक तांब्या. चिलटांच्या अळ्यांना आणखी काय पाहिजे, ओली माती आणि वर कुजणारं खाणं, त्यांचं तर लग्नघर झालं होतं.

आता वेल बघा. कुंडीतून निघून शोकेसच्या मागून वर, मग हुकांवरून भिंतीने आडवा, घड्याळाला वळसा, थेट दाराच्या तोरणापर्यंत. टेपने मोजला, चौदा फूट. आणि त्या चौदा फुटांत पानं किती, तर नऊ, सगळी शेवटच्या चार फुटांत. बाकी दहा फूट नुसती दोरी, भिंतीवर केबलवाल्याने वायर टाकल्यासारखी. काकूंना मात्र लांबीचाच अभिमान, आल्यागेल्याला दाखवायच्या. "पानं जरा पिवळी होऊन गळतात, पण वाढतोय बघ किती."

दोन वर्षांत प्रत्येकाने आपापलं निदान करून ठेवलेलं. शेजारच्या बाईंच्या मते नजर लागली. भाजीवाल्याच्या मते खत कमी. पुण्यात असणाऱ्या मुलाच्या मते झाड म्हातारं झालं, टाकून द्या आणि मॉन्स्टेरा (तो मोठ्या फाटक्या पानांचा वेल) घ्या, आजकाल सगळ्यांकडे असतो. काकांचं मत काहीच नाही, पण खरा पुरावा काकांनीच देऊन ठेवला होता आणि त्यांना माहीतही नव्हतं.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून रिटायर झालेले, हातात कायम पक्कड नाहीतर स्क्रू ड्रायव्हर, आणि त्यांना प्रत्येक गोष्टीवर तारीख लिहायची सवय. बल्ब लावला की बल्बवर तारीख, सिलिंडर लावला की कॅलेंडरवर, रिमोटच्या सेलवरसुद्धा. तर दर गणपतीला हॉलची साफसफाई झाली की वेलाचा शेंडा जिथे पोचला असेल तिथे ते एक हुक ठोकायचे आणि शेजारी पेन्सिलीने बारीक तारीख. सहा गणपती, सहा हुक. मी स्टुलावर चढले आणि ते बघून मला इतका आनंद झाला की काकूंना वाटलं पाल दिसली.

कारण वेल वाढतो तो शेंड्याकडूनच, दोन पेरांतलं, म्हणजे पान फुटतं त्या गाठींमधलं, अंतर एकदा ठरलं की ठरलं, नंतर ताणत नाही. म्हणजे दोन हुकांमधला तुकडा हा त्या वर्षाचा हिशेब. सुरुवातीच्या हुकांमध्ये अडीच फुटात नऊ पेरं, म्हणजे पेरामागे साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. शेवटच्या दोन वर्षांत तीन फुटात फक्त सात पेरं, पेरामागे तेरा सेंटिमीटर. ज्याला काकू "वाढतोय" म्हणत होत्या ते झाडाचं टाचा उंच करून उजेड शोधणं होतं, पानं कमी, देठ आणि कांडी लांब. आणि एक गोष्ट, आत्ताची नऊ पानं सगळी सपाट हिरवी. मनी प्लांटवरचे पिवळे सोनेरी पट्टे म्हणजे पानाचा असा भाग जिथे हरितद्रव्य कमी, उजेड कमी पडला की पुढच्या पानांत ते पट्टे कमी होत जातात.

मग काकूंना म्हटलं, जुने गणपतीचे फोटो दाखवा. फोनमध्ये होतेच. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोत मखराच्या मागे वेल, पानं तळहाताएवढी, पिवळे फटकारे मारलेली. आणि त्याच फोटोत डाव्या बाजूला पूर्वेची खिडकी, खिडकीत शेजारच्या बैठ्या घराची कौलं आणि वर मोकळं आकाश. गेल्या वर्षीच्या फोटोत त्याच खिडकीत हिरवी जाळी. बस.

नौपाड्यात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. शेजारचं कौलारू घर गेलं, पत्रे लागले, रिडेव्हलपमेंट सुरू झालं आणि बघता बघता खिडकीसमोर टॉवर उभा राहिला, त्याला हिरवी जाळी, आणि दिवसभर सिमेंटची धूळ. घरातल्या सगळ्यांना आवाजाचा त्रास कळला, धुळीचा कळला, पण उजेड गेला हे कुणाला कळलंच नाही, कारण डोळा जुळवून घेतो. आपल्याला त्या कोपऱ्यात पेपर वाचता येतो म्हणून आपण म्हणतो उजेड आहे. झाडाला पेपर वाचायचा नसतो, त्याला त्या उजेडावर जेवण करायचं असतं.

फोनवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं फुकट ॲप मिळतं, फार अचूक नसतं पण एकाच फोनवर दोन जागांची तुलना करायला पुरतं. सकाळी अकराला खिडकीच्या कट्ट्यावर अठराशे, खिडकीपासून तीन फुटांवर टेबलावर चारशे, आणि मनी प्लांटच्या कोपऱ्यात साठ. उघड्यावर भर दुपारी ऊन लाखाच्या घरात असतं, ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार, त्यात हे साठ. कोपरा खिडकीच्याच भिंतीला लागून, म्हणजे उजेड समोरून कधी येतच नव्हता, पूर्वी आकाशाचा उजेड समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा त्यावर भागत होतं.

एकदा हे धरलं की बाकी सगळं ओळीत बसतं. उजेड कमी म्हणून झाडाचं काम कमी, काम कमी म्हणून पाणी कमी लागतं, पण तांब्या रोजचा तोच. माती सुकेना, मुळांना हवा मिळेना, मुळं कुजली. मुळं कुजली म्हणून पानं पिवळी, आणि पिवळं दिसलं की आपल्याकडे पहिला विचार काय, तर उपाशी आहे बिचारं, म्हणून चोथा, धुवण, आणखी पाणी. त्यावर चिलटं. आणि कहर म्हणजे गणपतीआधी काकू पानं चमकायला खोबरेल तेलाचा हात फिरवायच्या, त्यावर टॉवरची धूळ बसून एक राखाडी थर, म्हणजे पोचणारे साठ लक्ससुद्धा पानाच्या आत पुरते जात नसणार. पान ओल्या बनियनच्या फडक्याने पुसलं तर फडकं काळं. (पानांना तेल, दूध, बियर काहीही लावू नका, साधं पाणी पुरतं.)

मी म्हटलं, सोपं आहे, कुंडी खिडकीत हलवूया. काकू एकदम गप्प. मग म्हणाल्या, "तो आग्नेयेलाच पाहिजे."

मनी प्लांट आग्नेय दिशेला, खाली लोंबू द्यायचा नाही, आणि विकत न घेता चोरून आणलेला पाहिजे, हे तीन नियम. काकूंनी तिन्ही पाळलेले, डोंबिवलीच्या नणंदेच्या गॅलरीतून तिचं लक्ष नसताना फांदी मोडून आणलेली. चोरीच्या नियमावर मी हसत नाही, कारण गंमत अशी की त्याला एक आधार सापडतो. हे झाड कुंडीत फुलत नाही जवळजवळ कधीच, जंगलात मोठं झालेलंसुद्धा क्वचित, आणि २०१६ च्या एका संशोधनात कारण मिळालं की जिबरेलिन नावाचं संप्रेरक बनवणारा जीनच त्यात नीट चालत नाही. फूल नाही, बी नाही, म्हणजे जगभरातला मनी प्लांट फांदीवरून फांदी असाच पसरलाय, तुमच्या घरातला कुणाच्या तरी घरातून तोडलेलाच आहे. मूळचा पॅसिफिक समुद्रातल्या मोओरेआ बेटावरचा, ताहितीच्या शेजारी. १८८० मध्ये त्याला नाव दिलं पोथॉस, नंतर फुलंच बघायला मिळत नसल्यामुळे शास्त्रज्ञांनी त्याला या वंशातून त्या वंशात फिरवला आणि १९६४ मध्ये एपिप्रेम्नममध्ये बसवला. नर्सरीवाले अजून पोथॉसच म्हणतात, त्यांचं बरोबर आहे, किती वेळा बोर्ड बदलणार.

तर आग्नेय. वाद घालून उपयोग नव्हता आणि मला घालायचाही नव्हता, घर त्यांचं. पण घरी येताना डोक्यात आलं, आग्नेय म्हणजे अग्नीची दिशा. मग तिथे दिवा लावायला कुणाची हरकत? दुसऱ्या दिवशी फोन केला. काकू दोन मिनिटं विचार करून म्हणाल्या, "हो गं, उलट चांगलंच." मागून काकांचा आवाज, "झाडासाठी लाइट बिल?" मी हिशेब सांगितला, २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब, रोज बारा तास, महिन्याला १४ युनिटच्या आसपास. काकांनी तो कागदावर पुन्हा केला, बरोबर निघाला, मग तयार झाले.

दुसरा अडथळा कापण्याचा. चौदा फूट वेल कापायचा म्हणजे काकूंच्या पोटात गोळा. पण उघड्या कांडीवर जिथून पान गळलं तिथे त्याच जागी परत पान येत नाही, शेंडा कापला तर शेजारचा डोळा (झोपलेला कोंब) फुटू शकतो एवढंच. ती दहा फुटांची दोरी तशीच ठेवली तर ती दोरीच राहणार. शेवटी काकू म्हणाल्या, काप, पण मी स्वयंपाकघरात जाते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कापला. हातमोजे विसरले आणि अर्ध्या तासात मनगटं खाजायला लागली. काकूंनी बाहेर येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "अळूसारखं खाजतंय का? मग हा अळूच्याच जातीतला असणार." मी चाटच पडले, कारण अगदी बरोबर. अळू, सुरण, मनी प्लांट, मॉन्स्टेरा, पावसाच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका विकायला आणतात ती शेवळं, सगळं एकाच कुळातलं, सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक. अळूला आपण चिंच घालतो, शेवळांना काकडं घालतो, मनी प्लांटचं मात्र काही करता येत नाही, तो खायचाच नाही. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर हाताच्या अंतरावर नको, चावला तर तोंडाची आग होते.

पानवाल्या चार फुटांचे चार तुकडे केले, एक तीन पानांचा शेंडा आणि तीन दोन-दोन पानांचे, प्रत्येकाला निदान एक पेर ज्यावर हवाई मुळाचा तपकिरी कोंब दिसतोय. पान आणि नुसता देठ लावून काही होत नाही, पेर पाहिजेच, डोळा तिथे असतो. हे चार काचेच्या बाटल्यांत, खिडकीच्या कट्ट्यावर. (बाटल्या कसल्या होत्या ते काकांनी लेबलं आधीच काढून टाकल्यामुळे सांगता येत नाही.) उघड्या कांडीचा कुंडीजवळचा दोन फूट भाग मऊ पडलेला, तो टाकला, उरलेल्याचे दोन-दोन, काही ठिकाणी तीन-तीन पेरांचे चौदा तुकडे, मिठाईच्या पारदर्शक डब्यात ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) आडवे, झाकण लावून. त्यातले चार कुजले, दहा फुटले. काकूंच्या मते दहा फूट कचरा होता त्यातून दहा झाडं, इथून पुढे त्या माझ्या बाजूला आल्या.

बाटल्यांबद्दल एक. पाणी आठवड्याच्या आत बदला आणि बाटली आतून घासा, नुसती ओतू नका. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, ती काचेला चिकटतात, आणि आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरी येऊन पहिली मनी प्लांटची बाटली मागतात ती उगाच नाही.

तीन आठवड्यांत चारही तुकड्यांना बोटभर मुळं. नवी कुंडी आठ इंची, खाली भोकं. नर्सरीत मिळते ती लाल माती नुसती वापरली तर चार महिन्यांत वीट होते, म्हणून दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट (हलके पांढरे खडे), एक भाग गांडूळ खत, एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, हे नारळवाल्याकडून फुकट. वेल चढणारा आहे त्यामुळे मुळांना झाडाच्या सालीतल्यासारखी पोकळी आवडते. पाणी बोट बघून, वरची दोन इंच माती कोरडी झाली की भरपूर, नाहीतर नाही. तांब्या बंद झाला आणि चिलटं पंधरा दिवसांत गेली, पेस्ट कंट्रोलवाला वाचला.

इथपर्यंत सगळं छान, आता माझ्या चुका.

पहिली चूक काठीची. घोडबंदर रोडच्या नर्सरीतून तीन फुटी तयार मॉस स्टिक (शेवाळाची काठी) आणली, नाव मॉस पण असतो काथ्या गुंडाळलेला पाइप. मध्ये ती, भोवती चार वेल, सुतळीने बांधले. काठी का लागते, तर हा वेल जमिनीवर किंवा हवेत लोंबत असतो तेव्हा पानं लहान ठेवतो, मुळं खोडाला धरून वर चढायला लागली की प्रत्येक पुढचं पान मागच्यापेक्षा मोठं. मूळच्या जंगलात किंवा आपल्याकडे जुन्या बंगल्यांच्या आंब्या-माडावर चढलेला बघा, पान हातभर आणि कडेने फाटलेलं, मीटरभर लांबीपर्यंत जातं, बघणाऱ्याला हा मनी प्लांट आहे हे पटत नाही. पण त्यासाठी मुळांना काठी धरावी लागते आणि काठी ओली असेल तरच ती धरतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात, वर पंखा फुल स्पीडवर, काथ्या सकाळी भिजवला की दुपारपर्यंत खडखडीत. दोन महिने मुळं काठीपासून फटकून, भांडण झालेल्या जावांसारखी. सुतळी सोडली असती तर चारही वेल आडवे.

दुसरी चूक माझी आणि काकांची मिळून. काकांनी ट्यूब लावली ती कोपऱ्याच्या आत, काठीच्या मागे, वायर दिसू नये म्हणून, फिटिंग एकदम सफाईदार, तारीखसुद्धा लिहिली. मला बघून बरंच वाटलं. तीन आठवड्यांनी बघते तर सगळी पानं भिंतीकडे तोंड करून, पाहुण्यांकडे पाठ. झाडाला तुमची बैठक कुठे आहे याच्याशी काय देणंघेणं, उजेड जिकडे तिकडे तोंड. म्हणजे सजावटीचा पहिला प्रश्न कुंडी कुठे ठेवू हा नसतोच, उजेड कुणीकडून येणार हा असतो, तुम्ही जिथून बघणार त्याच बाजूने यायला पाहिजे. शिवाय ती ट्यूब दुधी पांढरी, हॉलमध्ये दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं, काकू म्हणाल्या कंपाउंडर कधी येणार.

आणि तिसरी चूक काकूंची, पण त्यालाही जबाबदार मीच. उजेड उजेड करून मी त्यांचं डोकं इतकं खाल्लं होतं की एप्रिलच्या शेवटी एका सकाळी त्यांनी वॉचमन आणि काकांना लावून अख्खी कुंडी गच्चीवर नेली, "एक दिवस पोटभर खाऊ दे." संध्याकाळी चार पानं पांढरी पडून कडा करपलेल्या, जळलेल्या पापडासारख्या. साठ लक्सवर वाढलेलं पान लाखात नेऊन ठेवलं तर दुसरं काय होणार, मोठ्या झाडांच्या सावलीतला वेल आहे तो. नऊपैकी पाच राहिली. मी काही बोलले नाही, काकूच दोन दिवस माझ्याशी अपराधी आवाजात बोलत होत्या.

जूनमध्ये सगळं नव्याने केलं. काकांनी प्लास्टिकची बारीक जाळी आणून तिची चार इंची नळी केली, तारेने शिवली, आत मधोमध प्लंबरकडून आणलेल्या पाइपचा तुकडा म्हणजे वाकणार नाही, आणि भोवती भिजवलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) आणि सोडणाचे तुकडे. उंची साडेतीन फूट. वर उलटी बाटली, झाकणाला सुईने भोक, थेंब थेंब पाणी मॉसमध्ये उतरतं, दोन-तीन दिवसांतून एकदा भरायची. त्या बाटलीत पाणी साठून राहत नाही हे मी आवर्जून बघितलं. वेलाची पेरं जाळीला टेकवून सैल कापडी पट्टीने बांधली, पेर टेकलं पाहिजे, नुसतं कांडं टेकून उपयोग नाही, आणि देठ बांधायचे नाहीत, पानाला वळायला मोकळीक पाहिजे.

दोन्ही ट्यूब आता कोपऱ्याच्या पुढे, एक शोकेसच्या कडेला उभी, दुसरी कोपऱ्याच्या दुसऱ्या भिंतीला लाकडी पट्टीवर उभी, दोन्हींचा उजेड तिरपा आत, काठीपासून फूटभर, फोटो स्टुडिओत दोन बाजूंनी लाइट लावतात तसं. पांढऱ्याऐवजी जरा कोमट पांढरी, ४००० केल्व्हिन. जांभळे ग्रो लाइट घ्यायची गरज नसते, साध्या पांढऱ्या एलईडीत झाडाला लागणारं सगळं असतं, आणि जांभळ्या उजेडात घर डान्सबार दिसतं. पानापाशी मोजलं, तीन हजारच्या आसपास. साठवरून. उजेड लांब नेला की भराभर पडतो, म्हणून छताच्या ट्यूबलाइटचा झाडाला काही उपयोग नाही, जवळ पाहिजे.

टायमर प्लग आणणार होते पण काकूंनी लागू दिला नाही. सकाळी देवापाशी दिवा लावला की झाडाच्या ट्यूब चालू, सातला सांजवात लावली की बंद, एक दिवस चुकलं नाही.

दिसायचं म्हणाल तर सगळ्यात छान कल्पना माझी नाहीच. कुंडी प्लास्टिकची, ती दिसायला नको म्हणून मी ऑनलाइन सिरॅमिकचं काही बघत होते, काकूंनी माळ्यावरून सासूबाईंचं पितळी घंगाळ काढलं, चिंच-मीठ लावून घासलं आणि म्हणाल्या हे चालेल का. चालेल का! त्या कोमट उजेडात पितळ आणि सोनेरी पट्ट्यांची पानं, कोपऱ्याचं रूपच पालटलं. फक्त घंगाळाला भोक नाही, म्हणून तळाशी उलटी ताटली, त्यावर कुंडी, आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने आत साठलेलं ओतून टाकायचं. भिंतीवरचे बाकी सगळे हुक काकांनी काढले, सहा भोकं बुजवली, तारखा मात्र पुसल्या नाहीत. मी पण म्हटलं राहू द्या.

हवा शुद्ध करायला ठेवलाय, असं मुलगा पुण्याहून कौतुकाने म्हणाला, टॉवरच्या धुळीवर उपाय म्हणून. १९८९ च्या नासाच्या ज्या अभ्यासावरून हे पसरलं त्यात मनी प्लांट होता हे खरं, पण ते प्रयोग छोट्या बंद पेटीतले. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला गेला तेव्हा खिडकी उघडून जेवढी हवा बदलते तेवढं काम व्हायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. काकूंच्या हॉलमध्ये माणसं मावणार नाहीत. धुळीसाठी आठवड्याला ओलं फडकं, पानांनाही आणि खिडकीलाही.

जुलैत पावसाची दमट हवा आली आणि एकदाची मुळं जाळीत घुसली. ते कळतं कसं, तर वेल हलकेच ओढून बघायचा, हलत नाही. त्याच सुमारास लिटरला अर्धा ग्रॅम १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखं) पंधरा दिवसांतून एकदा सुरू केलं, त्याआधी काहीच दिलं नव्हतं, मुळं धरायच्या आधी खत देणं म्हणजे तापलेल्या माणसाला श्रीखंड. मोजमापं काकांकडे वहीत आहेत. कापायच्या आधीचं सर्वात मोठं पान सात सेंटिमीटर रुंद, काठी धरल्यावरचं पहिलं आठ, मग नऊ, साडेदहा, आणि ऑक्टोबरमधलं बारा. दोन पेरांतलं अंतर तेरावरून साडेपाच. पिवळे पट्टे तिसऱ्या पानापासून परत आले. काकूंनी विचारलं, येऊरला एका बंगल्याच्या झाडावर बघितला होता तसा हातभर होईल का, म्हटलं नाही, त्याला तितकी उंची आणि तितका उजेड लागतो, आपलं छत साडेनऊ फूट. काठीच्या वर गेला की शेंडा कापून परत खालीच लावायचा, तेवढं केलं तर पायथ्यापासून भरलेला राहील.

आज परत करायचं झालं तर काथ्याची काठी आणणार नाही, ते दोन महिने फुकट गेले. आणि मार्चच्या आधी, पहिल्याच दिवशी, खिडकीतून बाहेर बघेन. मी त्या हॉलमध्ये पाऊण तास माती हुंगत बसले होते आणि टॉवर समोर उभा होता.

गणपतीत मखर यंदा काठीच्या शेजारी होतं. डब्यातली दहा रोपं काकूंनी छोट्या कुंड्यांत लावून शोकेसवर मांडलेली, कोपऱ्याच्या उजेडाच्या टप्प्यात. गौरींच्या दिवशी पन्नासेक बायका येऊन गेल्या आणि रात्री मोजली तर नऊ. कुणी नेलं ते काकूंना पक्कं माहीत आहे, नाव सांगत नाहीत, पण चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

समोरच्या टॉवरची जाळी दिवाळीआधी उतरली, भिंती फिकट रंगाच्या निघाल्या, त्यांच्यावरून उजेड आपटून येतो त्यामुळे ट्यूब बंद असताना कोपऱ्यात आता साठचे एकशेवीस झालेत. ट्यूब काढण्याइतकं ते काही नाही. आणि आता काकूंच्याच बिल्डिंगची रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली, दोन-तीन वर्षं भाड्याने राहायला जावं लागणार, एजंट घरं दाखवतोय. परवा दुपारी काकूंचा फोन, मागे एजंटचा आवाज येत होता. "अगं पाचवा मजला आहे, बेडरूम लहान आहेत, पण हॉलच्या आग्नेय कोपऱ्यात सातशे येतायत. घेऊ ना?" ॲप मीच त्यांच्या फोनवर टाकून दिलं होतं. भाडं किती, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.